छोट्या नगरपरिषदेसाठी जीआयएस : प्रकल्प झेपेल का, हे कसे ठरवावे?

प्रश्न
आमच्या नगरपरिषदेत मालमत्ता कर आणि पाणीपुरवठा या विभागांसाठी जीआयएस (नकाशावरील प्रत्येक जागेला तिची माहिती जोडणारी संगणकीय) प्रणाली उभारण्याचा विचार चालू आहे. पुरवठादारांच्या सादरीकरणांत त्रिमितीय नकाशे, डॅशबोर्ड असे पुष्कळ काही पाहिले. परंतु विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याआधी व्यवहार्यता कोणत्या निकषांवर तपासावी, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे. मोफत उपग्रह प्रतिमांवर काम भागेल का?

प्रतिसाद १
करआकारणीसाठी भागणार नाही. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या मोफत प्रतिमेत सर्वांत बारीक पिक्सेल 10 मीटरचा असतो, म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ एक गुंठा. गावठाणात तेवढ्या जागेत दोन-तीन घरे सहज बसतात. ड्रोन सर्वेक्षणाचा खर्च गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे. निविदेत यूटीएम झोनही (नकाशावरील मोजणीसाठी पृथ्वीचे पाडलेले उभे क्रमांकित पट्टे) नमूद करावा : पुणे, नाशिक 43 मध्ये येतात, तर नागपूर, भंडारा 44 मध्ये.

प्रतिसाद २
माझ्या मते खरी परीक्षा प्रतिमेची नसून आकारणी रजिस्टरची आहे. एकच प्रभाग निवडून तेथील प्रत्येक इमारतीला रजिस्टरमधला मालमत्ता क्रमांक जोडून पाहा. भावाभावांत वाटणी होऊन घराची दोन घरे झाली तरी क्रमांक एकच राहिलेला असतो, नोंद दिवंगत आजोबांच्या नावावर असते, वरचा मजला रजिस्टरला ठाऊकच नसतो. घरोघरी न जाता किती नोंदी जुळतात, यावरून संपूर्ण शहराला लागणारे मनुष्यबळ आणि वेळ यांचा भरवशाचा अंदाज येतो.

दुसरी बाब अद्ययावतीकरणाची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बांधकाम परवानगी, नाव हस्तांतरण व नवी नळजोडणी यांची प्रत्येक नोंद कोणत्या टेबलावरून नकाशात चढणार, हे लेखी ठरलेले नसेल आणि नकाशा केवळ चतुर्वार्षिक आकारणीच्या वेळीच हातात घेतला जाणार असेल, तर प्रकल्प व्यवहार्य नाही, असे स्पष्टपणे म्हणावे. क्यूजीआयएस (नकाशांचे सॉफ्टवेअर) आणि पोस्टजीआयएस (नकाशांची माहिती साठवणारा डेटाबेस) यांना परवाना शुल्क नाही. तो पैसा प्रशिक्षित कर्मचाऱ्यावर खर्च करावा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. एका प्रभागात चाचणी घेण्याचा प्रस्ताव ठेवतो. जुन्या जलवाहिन्यांचे आराखडे मात्र आमच्याकडे नाहीत.

प्रतिसाद ३
बहुतेक जुन्या गावांत हीच स्थिती आहे. वाहिनी कोठून जाते, हे व्हॉल्व्हमनलाच ठाऊक असते. त्याला सोबत घेऊन प्रत्येक व्हॉल्व्हची जागा नोंदवावी. मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरचा फरक पडतो, त्यामुळे अरुंद बोळात वाहिनी डावीकडे की उजवीकडे, हे कळत नाही. तेथे आरटीके (काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा दाखवणारे) उपकरण भाड्याने घ्यावे. पहिल्या टप्प्यात टाक्या, मुख्य वाहिन्या आणि व्हॉल्व्ह एवढेच घ्यावे. वेळापत्रक आखण्यापूर्वी आस्थापना विभागाकडून जुन्या व्हॉल्व्हमनच्या निवृत्तीच्या तारखा मागवून घ्याव्यात.