घरात लहान मूल असेल तर स्वीडनला यावं. तुमचं मत?

ओवी, गोथेनबर्ग

पुण्यातल्या मैत्रिणींचा ठरलेला प्रश्न: "पगाराचा तिसरा हिस्सा टॅक्समध्ये जातो, मग तिकडे राहून हाती काय लागतं?" नुसती शिल्लक वाढवायची असेल तर स्वीडन नकोच. पण घरात तान्हं मूल असेल किंवा व्हायचं असेल, तर ऑफर आली की यावं, असं माझं ठाम मत आहे.

इथे एका मुलामागे आईबाबांना मिळून 480 दिवसांची रजा असते. त्यातले 390 दिवस पगाराच्या साधारण 80 टक्के, अर्थात वरची मर्यादा धरून. उरलेले 90 दिवस रोजचे 180 क्रोनर. त्या 390 दिवसांतले 90-90 दिवस एकेकाच्या नावावर असतात. बाबाने घेतले नाहीत तर ते बुडतात, आईला देता येत नाहीत. ही रजा 1974 पासून दोघांची आहे. त्यामुळे एखादा पुरुष सहा महिने रजेवर गेला तर ऑफिसात कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

हिवाळ्यात बालवाडीच्या पॅसेजमध्ये सकाळी उभं राहून बघा. ओले हातमोजे वाळवायचं एक गरम हवेचं कपाट, त्याच्या शेजारी खुंट्यांवर टांगलेले अंगभर जाड सूट, आणि गुडघ्यावर बसून पोरांच्या पायांत बूट सरकवणारे लोक. त्यात निम्मे तरी बाबा असतात. मूल तापलं तर "आज मूल आजारी आहे" एवढा निरोप पुरतो. त्यासाठीची वेगळी भरपाई सरकार देतं, मुलामागे वर्षाला 120 दिवसांपर्यंत. पुण्यात माझ्या नवऱ्याला मुलीची अंघोळसुद्धा रविवारीच घालायला मिळायची.

सातारकर, स्टॉकहोम

ओवीताई, एक गोष्ट राहून गेली. 480 दिवस इथे जन्मलेल्या किंवा वर्षाच्या आत आलेल्या बाळाला. मूल दुसऱ्या वर्षात असताना आलात तर 200 दिवस, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर आलात तर 100. तिकडून निघणाऱ्यांना हे आधी सांगा, नाहीतर इथे आल्यावर कपाळाला हात लावतील.

पण माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. तुम्ही आईबाबा आणि मूल एवढंच कुटुंब धरलंय. माझे आईवडील साताऱ्यात दोघंच असतात. त्यांना पाहुणे म्हणून बोलावता येतं, काही महिने राहताही येतं. पण कायमचं आणायचं म्हटलं तर वाट जवळजवळ बंद आहे. बाबांना रात्री अ‍ॅडमिट केलं तेव्हा फॉर्मवर सही शेजारच्या काकांनी केली. मी पोचलो तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं. साहेबांनी रजा लगेच दिली हो, पण रजेने अंतर कमी होत नाही.

ओवी, गोथेनबर्ग

दादा, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. तरी विचारते, हिंजवडीत असता तर रोज साताऱ्याला गेला असता का? माझा सख्खा भाऊ बाणेरला राहतो. आई कोल्हापुरात एकटी आहे, तो दिवाळी आणि गणपतीला जातो. आईवडील एकटे पडलेत ते गावं रिकामी झाल्यामुळे. त्याचं सगळं खापर परदेशावर कशाला?

सातारकर, स्टॉकहोम

रोज गेलो नसतो. पण फोन आल्यावर अडीच तासांत दवाखान्यात उभा असतो. भावाला निदान तेवढं तरी शक्य आहे.

मुग्धा, उप्साला

दोघेही नोकरी करणाऱ्याच्या बाजूने बोलताय. मी नाशिकला दातांचा दवाखाना चालवत होते. नवऱ्याच्या परवान्याबरोबर मलाही कामाची परवानगी मिळाली, पहिल्या दिवसापासून. कागदावर. दंतवैद्य म्हणून काम करायला इथला परवाना लागतो. युरोपबाहेरची पदवी असेल तर त्याआधी परीक्षा, आणि स्वीडिश अशी यायला हवी की घाबरलेल्या पेशंटला रूट कॅनॉल समजावून सांगता येईल. भाषेचे वर्ग सरकार फुकट देतं, शिकवतातही छान. पण त्यात वर्षं जातात. बाबा लोक बूट घालताना दिसतात हे खरंच आहे, माझा नवराही घालतो. मी मात्र त्या काळात माझ्या पेशातून बाहेर आहे. आयटीतल्या बायकांचं इंग्रजीवर निभतं. डॉक्टर, वकील, शिक्षिका यांचं निभत नाही. "दोघांना समान संधी" म्हणताना कुणाच्या बायकोबद्दल बोलतोय ते सांगा.

निखिल, पुणे (ऑफर हातात आहे)

आणि नोकरी गेली तर?

सातारकर, स्टॉकहोम

2025 च्या मार्चमध्ये नॉर्थव्होल्ट ही बॅटरी कंपनी दिवाळखोरीत गेली. स्केलेफ्तेओसारख्या उत्तरेच्या लहान गावात जगभरातून आलेले लोक घरदार मांडून बसले होते, मुलं शाळेत. कामाच्या परवान्यावर असलेल्यांना तेव्हाच्या नियमाने नवी नोकरी शोधायला तीन महिने. आणि स्टॉकहोमला भाड्याच्या घराची सरकारी रांग वर्षानुवर्षांची. ते घर मिळेपर्यंत दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहायचं. मूल त्यात सारख्या शाळा बदलतं.

ओवी, गोथेनबर्ग

मुग्धा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. निखिल, बायकोचा पेशा परवान्याचा असेल तर ऑफरवर सही करायच्या आधी तिच्या परवान्याची चौकशी कर. ती भाषेच्या वर्गात असेल तेव्हा घरचं तुझ्याकडे, हेही दोघांनी आधीच ठरवा. पण येऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीला ताप आला की ती आधी "बाबा" म्हणून हाक मारते. आमच्या दोन्ही घरांत हे पूर्वी कधी घडलेलं नाही. आणि दादा, आता आजीआजोबांचाही विचार सुरू झालाय. जुलै 2024 पासून आईबाबा आपल्या वाट्याच्या रजेतले 45-45 दिवस दुसऱ्या कुणाला देऊ शकतात, अगदी आजीलासुद्धा.

सातारकर, स्टॉकहोम

इथल्या सामाजिक विम्यात असलेल्या आजीला. माझी आई पाहुणी म्हणून येते. तिला त्यातला एक दिवसही देता येत नाही.