आजीच्या पेटीतलं ‘सुनांना उपदेश’ पुस्तक रद्दीत द्यायचं का?

तापीकाठची:
आखाजीच्या सणाला माहेरी आलेय, यावलकडे. काल माळा काढला तर आजीच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एक पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ नाही, पुढची पानं उंदरांनी खाल्लेली त्यामुळे नाव साल कळायला मार्ग नाही, पण आत पानोपानी सुनांना उपदेश. नवऱ्याआधी उठावं, त्याच्यानंतर जेवावं, उंबऱ्यात उभं राहू नये, मोठ्यानं हसू नये, दुपारी शेजारणीकडे जाऊन बसू नये. आजीला तर वाचता येत नव्हतं, तिच्या पेटीत हे आलं कसं कोण जाणे. भाऊ म्हणतो दे रद्दीत. मी नको म्हणतेय, आणि पुस्तक आवडलं म्हणून नाही, वाचून डोकं तापलं म्हणून.

आजी पहाटे चारला जात्यावर बसायची, मग कळण्याच्या भाकरी थापून, ठेचा फडक्यात बांधून दिवस उगवायच्या आत वावरात. उंबऱ्यात उभं राहू नये म्हणे, अहो तिला उंबऱ्यात उभं राहायला वेळ तरी होता का. हे तिच्यासारखीसाठी लिहिलेलंच नाही, वाड्यातल्या सुनेसाठी लिहिलंय, जिच्या घरी पाणी भरायला गडी आहे. पण पुढं काय झालं बघा. विहिरीवर मोटर बसली, केळी लागली, हातात पैसा आला, आणि आजोबांनी पहिलं काम काय केलं तर घरच्या बायांचं वावरात जाणं बंद. आमच्या बाया आता बाहेर जात नाहीत, हे चारचौघात छाती फुगवून सांगायचे. माझी माय लग्न होऊन आली ती थेट त्या बंद दारात. पट्टी दुसऱ्याच्या घरची आणि मापल्या गेल्या आमच्या बाया. म्हणून म्हणते ही पुस्तकं जपा, पोरींना वाचायला द्या, हे सगळं कुठून आलं ते त्यांना दिसू दे.

खापरावरचा मांडा:
ताई राग समजला पण सगळं एकाच पाटीत टाकू नका. माझी आजी धरणगावची, चौथी शिकलेली. शाळा सुटल्यावर घरात वाचायला दोनच गोष्टी, पोथी आणि असलं एखादं पुस्तक. पोथीला हात लावायचे नियम शंभर, मग हेच परत परत वाचायची, म्हणून अक्षर विसरली नाही असं ती स्वतः सांगायची. पाणी उकळून गाळून प्यावं, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडी ठेवावी, रोजचा खर्च वहीत मांडावा, हे पण त्यातच होतं ना? लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणी-मित्र घ्या, १९१० चं, हजार पाकक्रिया, बाईनं बायांसाठी लिहिलेलं. घरात शिकवणारं कोणी असेल तर ठीक, पण जिला माय नाही आणि सासू धड सांगत नाही अशा पोरीला छापील पुस्तकाचा केवढा आधार झाला असेल. त्याला पण बेडीच म्हणायचं का?

गिरणाकाठ:
पाककृतीच्या पुस्तकाला कोण बेडी म्हणतंय ताई, गोष्ट उपदेशाची चाललीय. अठराव्या शतकात तंजावरला, म्हणजे आपल्या मराठ्यांच्याच दरबारात, त्र्यंबकयज्वन नावाच्या पंडितानं स्त्रीधर्मपद्धती लिहिली. बाईचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत बांधून दिलाय त्यात, नवऱ्याआधी उठणं, धान्य कांडणं, झाडणं, शेणानं सारवणं, उंबऱ्याची पूजा, आणि सगळ्याच्या मुळाशी एकच की नवऱ्याची सेवा हाच तिचा मुख्य धर्म. आणि हे लिहिलं संस्कृतात! ज्या बाईनं असं वागायचं तिला ती भाषा बहुतेक करून येतच नव्हती. म्हणजे ते बायांसाठी नव्हतंच, बायांवर नजर ठेवणाऱ्या माणसांसाठी होतं. पेटीतलं पुस्तक मराठीत छापलंय एवढाच फरक. उकळलेल्या पाण्याचं एक पान, आणि त्याच्या आगेमागे तोंड बंद ठेवायची पन्नास पानं.

खापरावरचा मांडा:
एवढाच फरक? दादा हाच तर फरक आहे. मराठीत छापलं म्हणजे ते बाईच्या हातात पडलं, आणि हातात पडलं की ती कधीतरी उलटून विचारणारच.

सातपुड्याची लेक:
आणि विचारलंच की! लांब जायला नको, आमच्या मुक्ताईनगरच्या पलीकडे मलकापूर, तिथून पुढे बुलढाणा. तिथल्या ताराबाई शिंदे. सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला पोटचं बाळ मारल्याबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी केली गेली, पण तेवढ्यात पुण्याच्या एका वर्तमानपत्रानं सगळ्या बायांच्या चालचलणुकीवर झोड उठवली. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ मध्ये स्त्री-पुरुष तुलना लिहिलं. नवरा देव म्हणता ना, मग त्यानं देवासारखं वागायला नको का, हा त्यांचा सवाल. पुढं १८८५ मध्ये जोतीराव फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले, आपल्या सत्सार या पुस्तिकेत.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे त्याच १८८२ सालात पंडिता रमाबाईंचं स्त्रीधर्मनीति आलं. ते चक्क उपदेशाचंच पुस्तक आहे, शिका, कष्ट करा, घर नीट चालवा, नवऱ्याशी नीट वागा, बरंच जुन्या वळणाचं. चोवीस वर्षांची विधवा, कडेवर लहान मुलगी, आणि या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा तिला दुसऱ्या वर्षी इंग्लंडला जायला कामी आला. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, तिनंच इंग्रजीत पुस्तक लिहून मनूच्या नियमांवर कडक टीका केली. आता गिरणाकाठ दादा, स्त्रीधर्मनीति रद्दीत टाकायचं का? ते नसतं तर पुढची रमाबाई घडली असती का, मला सांगता येत नाही.

गिरणाकाठ:
रमाबाई एक. ते पुस्तक वाचून गप बसलेल्या हजार. त्यांचा हिशोब कोण मांडणार?

बोरीकाठचे नाना:
पोरांनो पुस्तकाला फार मोठं करताय तुम्ही. माझी माय शाळेची पायरी चढली नाही पण नांदायला निघालेल्या लेकीला काय सांगायचं ते तिला पाठ होतं, आणि ते या पुस्तकापेक्षा मऊ नव्हतं बरं का. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देऊ नको, दिल्या घरी नांद, तेच ते. पण एक गोष्ट वेगळी होती. जात्यावर ती उपदेश पण गायची आणि गाऱ्हाणं पण गायची, एका ओवीत सासूचा मान आणि दुसऱ्या ओवीत सासूचा जाच. साने गुरुजी आमच्या अमळनेरला मास्तर होते, त्यांनी बायांच्या ओव्या गोळा करून स्त्रीजीवन काढलं, त्यात बघा, बाई दोन्ही बाजूंनी बोलते. छापील उपदेशात गाऱ्हाण्याला जागाच नसते. मग गावात पिठाची गिरणी आली. बायांचा जीव सुटला, खांदे वाचले, फार चांगलं झालं. पण जातं थांबलं तशी ओवी गेली. घरात राहिला तो नुसता छापील उपदेश.

खापरावरचा मांडा:
नाना हे कधी डोक्यात आलं नव्हतं. खरंय.

सातपुड्याची लेक:
म्हणून तर बहिणाबाईंची गाणी उरली याचं मला राहून राहून नवल वाटतं. त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, मुलानं सोपानदेवांनी उतरवून ठेवली म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. अशा किती जणींचं कोणीच उतरवलं नाही.

गिरणाकाठ:
नाना तुमच्या बोलण्याला मान आहे, पण त्यातूनच माझं म्हणणं सिद्ध होतंय. जपायचं तर ओव्या जपा. आजही लग्नात आहेर म्हणून आदर्श सून छापाची पुस्तकं देणारे लोक आहेत, जुनं पुस्तक जपलं की त्यांना वाटतं आपलंच बरोबर. ताई म्हणतात पोरींना वाचायला द्या. शेजारी बसून समजावून सांगणारं कोणी नसेल तर पोर तेच खरं मानेल, मी माझ्या पुतणीला देणार नाही.

तापीकाठची:
दादा, एकटीला नको हे मान्य, सोबत बसूनच वाचायचं.

आणि मला माझंच एक दुरुस्त करायचंय. आज दुपारी पुस्तक मायला दाखवलं. ती म्हणाली अगं आजीचं कुठलं, माझं आहे ते, लग्नात गावच्या मास्तरांनी दिलेलं, तुझ्या आजीनं कपड्यांखाली जपून ठेवलं. मग शेवटची कोरी पानं उलटली तर पेन्सिलनं कपाशी वेचणीचा हिशोब, कोणत्या बाईनं किती किलो वेचली, कोणाचे किती पैसे बाकी, तीन हंगामांचा. अक्षर मायचं. आजोबांनी वावरात जाणं बंद केलं पण वेचणीवाल्या बाया संध्याकाळी मागच्या दारानं हिच्याकडे यायच्या, वजनात खोट झाली की हीच आजोबांशी भांडायची. मला पंचेचाळीस वर्षांत हे माहिती नव्हतं. मी काल वर बंद दार लिहिलं ते अर्धंच खरं.

भाऊ आता रद्दीचं नाव काढत नाही. पुढच्या पानांवरचा उपदेश तू कधी वाचलास का असं मायला विचारलं तर म्हणाली सगळा वाचलाय, आणि कुठं कुठं खुणा केल्यात, चष्मा आण, दाखवते.