हॅलोवीनमधला 'व' नक्की कुणाचा?

काल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, '३१ तारखेला हॅलोवीन म्हणजेच भुतांचा सण, मुलांना सजवून सात वाजता पार्किंगमध्ये पाठवा'. त्याखाली एका काकांनी लिहिलं की मूळ शब्द 'साविन', आयर्लंडमधला जुना सण, त्याचंच पुढे हॅलोवीन झालं. ऐकायला पटतं, साविन, वीन... पण खरंच तसं आहे का? आणि याला मराठीत काय म्हणायचं?

---

काकांचं अर्धं बरोबर आहे, उरलेली अर्धी कानाची फसगत. साविन सण खराच, सुगी संपून हिवाळा लागायच्या वेळचा, आयरिश भाषेत आजही नोव्हेंबरला साविनच म्हणतात, आणि त्या रात्री परलोकाचं दार किलकिलं होतं ही समजूतही तिकडचीच. पण शब्द तिथून नाही आला. १ नोव्हेंबर हा चर्चचा सर्व संतांचा दिवस, जुनं इंग्रजी नाव ऑल हॅलोज. हॅलो म्हणजे संत, पवित्र माणूस (फोनवरच्या हॅलोशी काऽही संबंध नाही), आणि त्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ म्हणजे 'इव्हन'. मराठी बायबलातल्या प्रार्थनेत 'तुझे नाव पवित्र मानले जावो' आहे ना, तिथे इंग्रजीत 'हॅलोड' आहे, तोच हा शब्द. थोडक्यात शब्दात भूत औषधालाही नाही!

आता 'व'ची गंमत. इव्हनमधला व्ह बोलताबोलता गिळला गेला, उरलं नुसतं ईन, जुन्या छपाईत त्या गिळलेल्या अक्षराच्या जागी वर लोंबता स्वल्पविराम दिसतो. मग आपण लिहितो तो व कुठला? तर हॅलोच्या स्पेलिंगमध्ये शेवटी डब्ल्यू आहे, तो आपण ओढून ईनला चिकटवलाय. घरचा गेला आणि शेजारचा येऊन बसला. साविनशी यमक जुळतं ते या शेजाऱ्यामुळे.

---

भारीच. मग हॅलोवीनला तोंड कोरून आत दिवा ठेवतात तो भोपळा कुठून आला?

---

भोपळा अमेरिकेतला. आयर्लंड-स्कॉटलंडात सलगम कोरून आत दिवा ठेवायचे, तिकडून अमेरिकेत गेलेल्यांना तांबडा भोपळा सापडला, मोठा आणि कोरायला मऊ. सलगमवर भुताचं तोंड कोरून बघा एकदा, मनगट दुखतं. आणि भुतंच सगळं नव्हतं बरं का, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची १७८५ची याच नावाची कविता आहे त्यात पोरापोरींच्या लग्नाचे कौल लावणंच जास्त. दोघांच्या नावाने दोन हेझलनट चुलीत टाकायचे, शेजारीशेजारी शांत जळले तर संसार सुखाचा, एखादा टणकन उडाला की बोंबललं.

---

वसईचा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे २ नोव्हेंबर महत्त्वाचा, मृतांचा स्मरणदिन, कबरी साफ करून फुलं-मेणबत्त्या लावतात. 'भुतांचा सण' वाचलं की आजी भडकते. 'सर्व संतांची पूर्वसंध्या' म्हणा, लांबलचक आहे पण अर्थाला धरून आहे.

---

एवढं लांब ग्रुपवर कोण लिहिणार? हॅलोवीनच राहू द्या, रुळलाय. पण मुलं दारोदार खाऊ मागताना म्हणतात त्या ट्रिक ऑर ट्रीटचं काय करायचं? 'खाऊ की खोडी'?

---

खाऊ की खोडी मस्तय! पण कोकणातल्या माणसाला विचाराल तर शब्द तयार आहे, पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी. शिमग्याला सोंगं घेऊन दारोदार फिरतात आणि पोस्त मागतात, आणि होळीसाठी रात्री कुणाकुणाची लाकडं पळवतात ती खोडी वेगळीच. स्कॉटलंडातही पोरं सोंगं घेऊन फिरायची, पण आधी गाणं नाहीतर नकला करून दाखवायच्या आणि मगच हातावर खाऊ. इंग्लंडात गरीब लोक दारोदार जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे, बदल्यात छोटे केक मिळायचे. धमकीचा भाग उत्तर अमेरिकेतला, कॅनडातल्या पेपरांत १९२० च्या दशकात ट्रिक ऑर ट्रीट हे शब्द दिसतात.

---

पोस्त पक्कं. ग्रुपवर टाकलं आत्ताच, काकांनी विचारलंय, 'किती द्यायची?'