मदत हवी आहे: अश्वगंधा 500 मिग्रॅ की 300 मिग्रॅ? आणि सोबत ब्राह्मी?

कोपरीकर: नमस्कार मंडळी. वय 34, स्त्री. रोज ट्रान्स-हार्बरने ठाणे-ऐरोली, दिवसभर स्क्रीन. खात्याची परीक्षा अडीच महिन्यांवर आलीय. झोप उडालीय, वाचलेलं डोक्यात टिकत नाही. अश्वगंधाच्या दोन बाटल्या पाहिल्या: एक 500 मिग्रॅ, दुसरी 300 मिग्रॅ आणि किंमत दुप्पट! कुठली घेऊ? ब्राह्मी सोबत चालेल का? आजार काही नाही.

मूळ-साल-पान: 500 च्या आकड्यावर जाऊ नका. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. 500 वालीत बहुधा नुसतं मुळाचं चूर्ण असतं. चूर्णाची रोजची मात्रा 3 ते 6 ग्रॅम, म्हणजे 3 ग्रॅमसाठीच सहा कॅप्सूल झाल्या. त्यापेक्षा जांभळी नाक्यावर काष्ठौषधीच्या दुकानातून मुळं घेऊन दळलेली स्वस्त पडतात. मूळ बाहेरून मातकट, आत पांढरं, मोडलं की कट्कन तुटणारं हवं. लवलं तर दमट आहे, बुरशी धरेल.

300 वालीवर ‘मुळाचा अर्क, विथॅनोलाइड 5 टक्के’ असं असेल तर एका कॅप्सूलमध्ये 15 मिग्रॅ विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधाचा मुख्य गुणकारी घटक. बहुतेक चाचण्या अशाच अर्कावर झाल्यात: 300 मिग्रॅ दिवसातून दोनदा, जेवणानंतर, आठ आठवडे. ‘मूळ व पान’ लिहिलं असेल तर ठेवून द्या. पानांत विथाफेरिन-ए हा पेशींना मारक घटक जास्त असतो. आयुष मंत्रालयानेही 2021 मध्ये कंपन्यांना पानं वापरू नका असं बजावलं होतं. चार दिवसांत फरक पडेल ही अपेक्षा मात्र नको.

नीरब्राह्मी: ब्राह्मीत मोठा घोळ आहे. भाजीवाल्याकडे ‘ब्राह्मी’ म्हणून मिळते ती गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची पानं म्हणजे मंडूकपर्णी. स्मरणशक्तीच्या चाचण्या मुख्यतः झाल्या त्या नीरब्राह्मीवर, म्हणजे बकोपावर: जाड, बोटाच्या पेराएवढीही नसलेली पानं, चव कडूजहर. अर्क 300 मिग्रॅ, रोज एकदा, तोही भरल्या पोटी. तूप असलेल्या जेवणानंतर उत्तम. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ, पोटात कळ आणि जुलाब. शिवाय परिणाम बारा आठवड्यांनी मोजतात. तुमच्या हातात दहा-अकराच आहेत, तेव्हा परीक्षेसाठी तिच्यावर भिस्त नको. दोन्ही एकाच दिवशी सुरूही करू नका, त्रास झाला तर कशाने ते कळणार नाही.

कोपरीकर: खूप आभार. थायरॉइडची 50 ची गोळी रोज सकाळी असते, तेवढं चालेल ना?

मूळ-साल-पान: ताई, हे आधी सांगायला हवं होतं! अश्वगंधाने थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं. गोळी आधीच तेच काम करतेय. दोन्ही मिळून धडधड, हात थरथरणं, आणि झोप आणखी उडणं. वेळेचं अंतर ठेवून हे टळत नाही. गोळी स्वतःहून कमी करू नका. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-12 तपासा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा. गोळीचा डोस चुकत असेल तर झोप नि एकाग्रता दोन्ही त्यानेच बिघडतात.

नीरब्राह्मी: +1. थायरॉइड असेल तर ब्राह्मीही विचारूनच. गरोदरपणात, यकृताचा त्रास असताना किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना अश्वगंधा नकोच. कुणीही घेत असेल आणि लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज असं दिसलं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठावा.

कोपरीकर: बाटली कालच घेतली, सील अजून फोडलं नाही.

मूळ-साल-पान: मग बिल घेऊन आजच जा, सील शाबूत आहे तोवर परत घेतील.