वार (प्लॅसेंटा) टाकून देऊ नका
‘गरोदरपणात बीपी वाढल्याचं आधीच कळलं होतं, मग बाळंतपणानंतर वार तपासून वेगळं काय हाती लागणार?’ हे म्हणणं मला पटत नाही. मी पॅथॉलॉजीत काम करते. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजारात, स्लाइडवर वारेचे अंकुर (बोटांसारखे बारीक फाटे) बारीक, विरळ दिसतात, कडेला पेशींच्या गडद केंद्रकांचे पुंजके दाटलेले असतात. पण कधी बीपीपलीकडचं काही निघतं: अंकुरांभोवती फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाचा) जाड थर. हा फायब्रिन साचण्याचा आजार पुढच्या गरोदरपणात पुन्हा होऊ शकतो, म्हणून त्या बाईला ते आधी कळायलाच हवं.

आणि हो, फॉर्मलिन (नमुना टिकवायचं द्रावण) लगेच मिळणार नसेल तर वार साध्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, फ्रीझरमध्ये अजिबात नको. गोठली की पेशी फुटतात, मग स्लाइड नीट वाचताच येत नाही.