मॅटाडोरच्या बाकांना फोम आणि रेक्झिन किती लागेल?

मॅटाडोर_८८
आकुर्डीतच बनलेली 1988 ची मॅटाडोर व्हॅन, मागे कॅम्पर (झोपायची सोय) करायचाय. दोन्ही बाजूंना 72 × 22 इंची बाकं, मधली वाट 18 इंच. रात्री एक पाठ वाटेत टाकली की पलंग. जुन्या फोमचा भुगा झालाय, प्लाय कुजलीय. बसायला 4 इंच, पाठीला 3 इंच फोम असा बेत आहे. माल किती घेऊ?

सुईदोरा
पाठीला 3 इंच नको, पलंगाच्या मधोमध इंचभर खड्डा पडेल. चारही गाद्या 4 इंची करा. 6 × 3 फुटी शीट घेतलीत तर तीन पुरतात: बाकाला एकेक, तिसरीतून दोन्ही पाठी. 40 डेन्सिटी (घनमीटरला 40 किलो) मागा आणि काट्यावर ठेवून बघा. 4 इंची शीट 6.8 किलोच्या आसपास भरली पाहिजे. साडेपाच भरली तर तो 32 चा माल, काही म्हणोत.

रेक्झिनचा पन्हा 54 इंच धरला तर एका गादीला 2.1 मीटर: वरचा तुकडा, कडेच्या साडेपाच इंची तीन पट्ट्या, पायपिंगच्या (शिवणीवरच्या गोल किनारीच्या) दीड इंची तीन. एकूण 8.4, म्हणून 9 घ्या. खालून कॅनव्हास, मागच्या कडेला चेन. कव्हर फोमपेक्षा अर्धा इंच लहान शिवा, नाहीतर सुरकुत्या पडतात. सुई 18 नंबर, टाका 4 मिलिमीटर. बारीक टाक्यानं रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

मॅटाडोर_८८
वाटेतली पाठ टेकणार कशावर? आणि प्लाय कोणती?

गंजबहाद्दर
थांबा, प्लाय कुजली कशानं ते आधी शोधा. एकानं आत बॅटरी घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं, खालून वर: दारं, मग खिडक्या, शेवटी टपाची पन्हाळ, प्रत्येकी पाच मिनिटं. वरून सुरुवात केलीत तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही. टपाच्या सांध्यातलं पाणी खांबातून उतरून बाकाखाली साचतं आणि आळ येतो खिडकीवर. खिडकीचं रबर बदलायचंच असेल तर जुना वीतभर तुकडा घेऊन नाना पेठेत जा, नुसत्या मॉडेलच्या नावावर भलताच आकार गळ्यात पडतो. सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं, वर रंगही धरत नाही.

प्लाय 12 मिलिमीटर मरीन, आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) छाप बघून. 8 × 4 च्या दोन: एकीत दोन्ही बाकं, दुसरीत दोन्ही पाठी. कडांना रंगाचे दोन हात द्या, दर 8 इंचांवर इंचभर भोक पाडा. रेक्झिनखाली कोंडलेली ओल पावसाळ्यात दुसरीकडून जाणार कुठून? वाटेसाठी दोन्ही बाकांच्या दर्शनी बाजूला 25 मिलिमीटरचा अँगल लावा, बाकाच्या प्लायच्या वरच्या पातळीपासून 12 मिलिमीटर खाली. म्हणजे फळी बाकाशी सपाट बसते.

आसनव्यवस्था बदलली की आरटीओची मंजुरी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52.

सुईदोरा
पाठीची फळी गादीला चिकटवू नका, धुवायला कव्हर निघणार नाही. कॅनव्हासवर 2 इंची वेल्क्रो शिवा, समोरची पट्टी फळीवर स्टेपल करा. नुसत्या गोंदावर ती उन्हाळ्यात सुटते.