प्रतिसाद: कोंबड्यांची शेड आणि मंडळाची संमती
कुक्कुटपालन ही शेतीच असल्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला मान्य नाही. एकाच ठिकाणी 5,000 हून अधिक पक्षी असल्यास 1974 चा जल कायदा आणि 1981 चा वायू कायदा यांखाली राज्य मंडळाची संमती लागते; एक लाखाहून कमी पक्ष्यांच्या फार्मना 2015 मध्ये मिळालेली सूट राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) 2020 च्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मागे घेतली.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात पावसाळ्यात शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरलेले भाताचे तूस ओले झाले की अमोनियाने डोळे चुरचुरतात, माश्या जेवणाच्या ताटापर्यंत येतात, आणि उसासाठी म्हणून बांधावर उघडा टाकलेला कोंबडीखताचा ढीग पहिल्या मोठ्या सरीबरोबर ओढ्यात आणि तिथून मलप्रभा नदीत उतरतो. ढीग पक्क्या जमिनीवर झाकून ठेवावा, एवढी साधी गोष्टही होत नाही, याचे फार वाईट वाटते.

मात्र करारपद्धतीत पिल्ले व खाद्य कंपनीचे आणि शेड व घाण शेतकऱ्याची, अशी वाटणी असल्याने मंडळाची नोटीस कर्जबाजारी शेतकऱ्याच्याच हाती पडते. म्हणून संमतीच्या अर्जावर कंपनीचीही सही घ्यावी आणि मेलेल्या पक्ष्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारी तिच्यावरही टाकावी, असा ठराव आपापल्या ग्रामसभेत मांडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.